मुंग्यांच्या घरचा स्वयंपाक

मुंगी आणि साखर ही जोडी आपल्या मनात इतकी पक्की बसली आहे की, मुंगीला खायला काय द्यावे असा प्रश्न कोणी जाहीर सभेत विचारला, तर लोक त्याच्याकडे जरा निरखूनच पाहतील. सकाळी फिरायला जाताना वारुळाशी चिमूटभर साखर किंवा कणीक टाकणारी वडीलधारी माणसे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आमच्या आजीच्या कनवटीला या कामासाठी एक पुरचुंडीच असे. तेव्हा वसंतातल्या या व्याख्यानांत, जेथे राज्यघटना, संतवाङ्मय आणि अर्थकारण यांचा ऊहापोह व्हायचा, तेथे मुंग्यांच्या जेवणावर एक संध्याकाळ खर्च करावी हे चिटणिसांना प्रथम पटले नाही, यात त्यांचा काही दोष नाही. त्यांनी एवढेच विचारले, "साखर घालतात. त्यात बोलायचे काय?" नेमके तेच बोलायचे आहे. साखरेवर मुंगी जगते. मुंग्यांचे घर जगत नाही.

घर म्हणजे येथे काचेच्या किंवा पारदर्शक प्लास्टिकच्या पेटीत पाळलेली मुंग्यांची वसाहत. एक राणी, तिच्या पोटच्या दहा-वीस किंवा दोन-चारशे कामकरी मुली, आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या अळ्यांची व कोषांची रास. ज्यांनी हे कधी पाहिले नसेल त्यांना त्याची गोडी सांगून कळणार नाही. ज्यांच्या घरी अशी पेटी आहे त्यांना सांगायला नको. अलीकडे आपल्या शहरांतून शाळाकॉलेजांतली बरीच मुले या नादी लागली आहेत. नाद नवा नाही. इंग्लंडात सर जॉन लबक या पेढीवाल्या, पार्लमेंटात बसणाऱ्या गृहस्थाने काचेच्या दोन तावदानांमध्ये माती भरून मुंग्या पाळल्या आणि १८८२ साली मुंग्या, मधमाश्या व गांधीलमाश्या यांवरचे आपले प्रसिद्ध पुस्तक छापले. त्याच्यापाशी असलेली एक राणी १८८८ साली मेली, तेव्हा ती जवळजवळ पंधरा वर्षांची होती. युरोपातल्या बागेत आढळणाऱ्या काळ्या मुंगीची एक राणी तर पाळलेल्या स्थितीत अठ्ठावीस वर्षांहून अधिक जगल्याची नोंद आहे. म्हणजे मुलाने हौसेने राणी आणली, तर त्याचे शिक्षण, नोकरी आणि लग्न होईपर्यंत ती घरात असू शकते. कुत्रा पाळताना आपण जेवढा विचार करतो त्याहून कमी विचार येथे करून भागणार नाही.

हौस कोणत्या थराला जाते याचे एक उदाहरण सांगून पुढे जाऊ. २०२५ साली केनियात सुमारे पाच हजार राण्या नळ्यांत भरून बाहेर नेऊ पाहणाऱ्या दोघा बेल्जियन तरुणांना पकडून तेथील न्यायालयाने जबर दंड केला. परदेशची मुंगी आपल्याकडे आणू नये आणि आपली तिकडे पाठवू नये, हे यावरून समजावे. आपल्या अंगणात येते तीच मुंगी पाळण्याला पुष्कळ आहे.

आता साखरेने का भागत नाही ते पाहू. मुंगीची कंबर किती बारीक असते हे सर्वांना ठाऊक आहे. तिची अन्ननलिका त्या कंबरेतून पलीकडे जाते, आणि त्या वाटेने घट्ट पदार्थ जाऊ शकत नाही. मुंगी किडा तोडताना, चावताना दिसते; परंतु ती तो गिळत नाही. तिच्या तोंडाच्या आत, घशाच्या अलीकडे, एक चिमुकली पिशवी असते. चावलेले सगळे तेथे दाबले जाते, रस पुढे सरकतो आणि चोथ्याची गोळी करून मुंगी ती टाकून देते. रस जातो तोही थेट तिच्या पोटात नव्हे. पोटाच्या आधी साठवणीची आणखी एक पिशवी आहे. तिला शास्त्रज्ञ सामाजिक जठर म्हणतात, आणि नाव अगदी यथार्थ आहे. त्या पिशवीतला घोट ती दुसऱ्या मुंगीच्या तोंडात देते, दुसरी तिसरीला, तिसरी राणीला आणि अळ्यांना. एकीने घरात आणलेला थेंब काही तासांत सगळ्या घराच्या अंगी लागतो. हे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे एका दुःखद प्रसंगी त्याची आठवण करून द्यावी लागणार आहे.

कामकरी मुंगी एकदा कोषातून बाहेर पडली की पुन्हा वाढत नाही. ती जन्मते तेवढीच राहते. तिला हवे असते ते धावपळीचे इंधन, आणि ते साखरेत आहे. वाढ होते ती फक्त अळीची. पाय नाहीत, डोळे नाहीत, केवळ एक तोंड आणि एक पोट असा हा जीव थोड्या आठवड्यांत स्वतःच्या मूळ वजनाच्या अनेक पट होतो, आणि त्याला अंग धरायला प्रथिने लागतात. राणीला अंडी घालायलाही तीच लागतात. कित्येक जातींत मोठ्या झालेल्या अळ्या घट्ट अन्नही खातात. कामकरी मुंग्या किड्याचा तुकडा अळीच्या तोंडाशी नेऊन ठेवतात आणि अळी आपले पाचक रस त्यावर सोडून तो विरघळवते. वारुळातली जी मुंगी मेलेला नाकतोडा ओढत नेताना आपण पाहतो, ती स्वतःसाठी नेत नसते, घरात बाळे आहेत म्हणून नेत असते.

आमच्या परिचयाच्या एका शाळकरी मुलाची राणी याच कारणाने आठ महिने बारा मुंग्यांवर अडून राहिली होती. मुलगा मोठा नेमाचा. रोज मधाचा ताजा थेंब. मुंग्या तुकतुकीत, राणी धडधाकट, पण पेटीत एक अळी दिसेना. अंडी पडत होती आणि नाहीशी होत होती. प्रथिनांची उपासमार झाली की मुंग्या आपलीच अंडी आणि अळ्या खाऊन टाकतात, हे त्याला कोणी सांगितले नव्हते. आठवड्यातून दोनदा एकेक चिलट सुरू केले आणि दिवाळीपर्यंत त्याच पेटीत पन्नासावर मुंग्या झाल्या.

येथवर ऐकून उत्साही माणूस पेटीत किड्यांचा ढीग घालील, म्हणून दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ऑड्री दुसुतूर आणि स्टीफन सिम्प्सन या दोघा संशोधकांनी २००९ आणि २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसून आले की, साखर कमी आणि प्रथिने फार अशा अन्नावर ठेवलेल्या कामकरी मुंग्या लवकर मरतात आणि वसाहत खचते. तेव्हा साखरपाणी पेटीत कायम असावे, आणि किडा मोजून. त्यातही जात पाहावी. आपला काळा मुंगळा, ज्याला काही भागांत डोंगळा म्हणतात, त्याच्या वंशातल्या मुंग्यांच्या शरीरात एक सहजीवी जीवाणू पिढ्यान्‌पिढ्या राणीकडून अंड्यात उतरत आलेला असतो, आणि तो त्यांना काही आवश्यक अमिनो आम्ले तयार करून देतो. म्हणून मुंगळ्याचे घर कमी किड्यांत, जास्त गोडावर चालते. उलट बारीक तांबूस, मोठ्या डोक्याचे शिपाई बाळगणाऱ्या मुंग्या आपल्या अंगणात असतात. त्यांच्या अळ्यांचा भस्म्या रोग पाहून मालकाला धाप लागते.

किडा कोणता द्यावा? नवशिक्याने केळ्यावरच्या चिलटांपासून सुरुवात करावी असे आमचे स्पष्ट मत आहे. चिलट मऊ असते, लहान घराला पुरेसे लहान असते, आणि मुख्य म्हणजे ते घरीच पैदा करता येते. काचेच्या बरणीत पिकून काळे पडलेले केळे ठेवावे, दोन दिवस उघडे राहू द्यावे, मग तोंडाला तलम कापड बांधावे. पंचवीस अंशांच्या सुमाराला दहा-बारा दिवसांत नवी पिढी उडू लागते. चैत्र-वैशाखात बरणी अडून बसली तर निराश होऊ नये. प्रयोगशाळेत वापरल्या जाणाऱ्या जातीचे नर तीस अंशांच्या आसपास वांझ होतात; बरणी माठाजवळ, गारव्याला ठेवावी. केळे मात्र सोलून घ्यावे, सालीसकट घालू नये. ही सूचना क्षुल्लक वाटते, तिचे कारण पुढे येईल.

रातकिडा हे मोठ्या घराचे अन्न. पक्षी आणि सरडे पाळणाऱ्यांसाठी शहरातली काही दुकाने तो पैदास करून विकतात. ताज्या वजनाच्या शंभर ग्रॅमला सुमारे वीस ग्रॅम प्रथिने आणि सातच्या आसपास चरबी, असे त्याचे प्रमाण आहे. त्याच दुकानात पिठातल्या भुंगेऱ्याची पिवळी अळी मिळते; तिला मीलवर्म या नावानेच मागावे लागते. तिच्यात प्रथिने रातकिड्याइतकीच, सुमारे एकोणीस ग्रॅम, पण चरबी तेरा. मधमाश्या पाळणाऱ्यांचा वैरी जो मेणपतंग, त्याची लठ्ठ अळी मुंग्यांना फार प्रिय. परंतु तिच्यात प्रथिने चौदा आणि चरबी पंचवीस ग्रॅम. ती म्हणजे पुरणपोळी समजावी. सणाला ठीक, रोज नव्हे. मीलवर्मची कातडी टणक असते. मुंग्यांना ती फोडता येत नाही म्हणून त्या तिच्यावरून नुसत्या फिरत राहतात आणि मालक समजतो, आवडत नाही. नुकतीच कात टाकलेली पांढरी अळी निवडून काढावी, ती मऊ असते. नाहीतर कापून द्यावी. किड्याची निवड मुख्यतः त्याचा रस मुंगीच्या जबड्याला किती लवकर सापडतो यावर करायची असते.

पावसाळ्याच्या तोंडाला दिव्याभोवती पंख फुटलेल्या वाळवीचे थवे येतात. यासारखे दुसरे अन्न नाही. मऊ, चरबीयुक्त, आणि निसर्गातही मुंग्या त्यांवर तुटून पडतात. एका संध्याकाळी परातीत पाणी घालून दिव्याखाली ठेवली तर वर्षाची बेगमी होते. डासही चांगला. हल्ली घरोघरी विजेची जाळी असलेली रॅकेट असते. तिने मारलेला डास मुंगीला चालतो. पण त्याच खोलीत डासांची अगरबत्ती, वडी किंवा विजेवरचे औषध लावलेले असेल, तर चालत नाही. खोली कोणती, हे पाहूनच डास उचलावा.

नाकतोडे, पतंग, कोळी हे रानातले असले तर घ्यायला हरकत नाही. परंतु रुईच्या झाडावरचा रंगीत टोळ आणि तिच्यावरची पट्ट्यापट्ट्यांची अळी यांना हात लावू नये. रुईच्या चिकातले विष ते आपल्या अंगात साठवतात. त्यांचा भडक रंग हीच त्यांची पाटी असते. केसाळ सुरवंट, घाण वासाचे ढेकण्या किडे, अंगावर फोड आणणारे भुंगेरे आणि वाणी हेही वर्ज्य. पिठाच्या डब्यात सापडणारा तांबडा बारीक भुंगा सहज मिळतो म्हणून मुले तोच देतात. त्याच्या अंगी झोंबणारी द्रव्ये असतात आणि कवच कडक असते. डबा पाखडून तो टाकून द्यावा हे उत्तम.

आता झुरळाविषयी. हा भाग आम्ही आनंदाने लिहीत नाही.

आमच्यापाशी मुंगळ्यांचे एक घर दोन वर्षे होते. राणी आम्ही जूनच्या पहिल्या पावसानंतर जिन्यात उचलली होती, पंख गाळून भिंतीच्या कडेने चाललेली. दोन वर्षांत चारशेच्या घरात मुंग्या झाल्या. एके दिवशी बरणीतली चिलटे संपली, दुकान बंद, आणि न्हाणीघराच्या जाळीपाशी एक झुरळ संथपणे चालताना दिसले. ते संथ का चालते आहे हा प्रश्न आम्हांला पडायला हवा होता. आम्ही ते पकडले, गोठवले, उकळत्या पाण्यातून काढले, तुकडे केले, म्हणजे पुढे सांगणार आहोत ते सर्व संस्कार यथासांग केले, आणि पेटीत ठेवले. मुंग्यांनी अर्ध्या तासात ते घरात नेले. आम्ही समाधानाने झोपलो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी काही मुंग्या पेटीच्या कोपऱ्यात उताण्या पडून पाय हलवत होत्या. तिसऱ्या दिवशी अळ्यांची रास कोणी उचलून नीट ठेवीना. पाचव्या दिवशी राणी मेली. तिच्याभोवती ज्या सात-आठ मुंग्या हलत होत्या त्या शेवटपर्यंत तिला चाटत होत्या.

मागाहून चौकशी केली तेव्हा कळले की, वरच्या मजल्यावर महिन्यापूर्वी झुरळांसाठी जेल लावून घेतले होते. त्या झुरळाने ते खाल्लेच होते असे आम्ही शपथेवर सांगू शकत नाही. पण जेलची रीत समजून घेतल्यावर आमच्या मनात संशय उरला नाही. फिप्रोनिलसारखी औषधे मुद्दाम उशिरा मारणारी केलेली असतात. झुरळाने ती खावीत, आपल्या बिळात परत जावे, तेथे मरावे, आणि त्याची विष्ठा व प्रेत खाऊन इतरांनी मरावे, अशी ती योजना आहे. मुंग्यांसाठी जी आमिषे बाजारात मिळतात, त्यांतही हेच तत्त्व आहे. लगेच मरणारी मुंगी घरापर्यंत पोचत नाही. उशिरा मरणारी तो घोट सर्वांना वाटून मग मरते. ज्या सामाजिक जठराचे आपण वर कौतुक केले, त्याच्याच वाटेने आम्ही त्या घराला विष वाढले.

म्हणून आमचा नियम असा झाला, आणि तो आम्ही श्रोत्यांपुढे आग्रहाने मांडतो: जो किडा कोठून आला हे ठाऊक नाही, तो पेटीत जाणार नाही. घरातले झुरळ कधीही नाही, स्वतःच्या इमारतीत औषध मारलेले नसले तरी नाही, कारण शेजारच्या इमारतीचे गटार तेच असते. सार्वजनिक बागेतला किडा नाही. मोसमात फवारलेल्या द्राक्षबागेतला किंवा भाजीच्या मळ्यातला तर नाहीच. रानातून, माळावरून आणलेला किडा दोन-चार दिवस डबीत सोललेल्या गाजराच्या तुकड्यावर जिवंत ठेवून पाहावा. अडखळू लागला तर फेकून द्यावा. ही पूर्ण खात्री नव्हे, पण अगदी उघड धोका टळतो. सर्वांत निर्धास्त किडा तो, जो आपण स्वतः वाढवला. केळ्याची साल काढायची, गाजर सोलायचे, ते याचसाठी. बाजारातल्या फळाभाजीच्या सालीवर काय फवारले आहे हे आपल्याला ठाऊक नसते.

संस्कारांचे आता थोडक्यात सांगतो. किडा आधी बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. थंडीने तो प्रथम सुस्त होतो आणि मग मरतो. मारण्याची याहून सौम्य रीत आम्हांला माहीत नाही. लहान किड्याला एक रात्र, मोठ्याला दोन दिवस. याबाबतीत गृहसौख्याचा विचार आधी करून ठेवावा. आमच्या घरी पहिल्याच आठवड्यात प्रश्न आला, "अहो, मटारच्या मागे ती निळी डबी कसली?" आम्ही खरे ते सांगितले. तेव्हापासून त्या डबीवर मोठ्या अक्षरांत चिठ्ठी आहे, आणि ती डबी दुसऱ्या एका मोठ्या डब्यात, तळाशी असते. "पाहुण्यांसमोर उघडायची नाही, एवढे करा," एवढ्या अटीवर तिला वास्तव्याची परवानगी मिळाली.

गोठवल्याने किडा मरतो, पण त्याच्या अंगावरची बुरशीची बीजे मरत नाहीत. ती बर्फात सुखाने पडून राहतात. रातकिड्याच्या सांध्यांत पुष्कळदा गोचिडीच्या कुळातले, डोळ्यांना जेमतेम दिसणारे जीव असतात. ते पेटीत शिरले तर निपटून काढणे कर्मकठीण. यासाठी गोठवलेला किडा चिमट्यात धरून उकळत्या पाण्यात दहा-पंधरा सेकंद बुडवावा, कागदावर टिपून कोरडा करावा आणि निवू द्यावा. फार वेळ शिजवू नये. रस आटला तर मुंग्यांना उरेल काय? चिलटांना पाण्याची गरज नसते, गोठवली म्हणजे झाले. मात्र हे एक पक्के ध्यानात धरावे की, या दोन्ही संस्कारांनी विष जात नाही.

मग कापणे. रातकिड्याचे मागचे काटेरी पाय काढावेत, पोट उभे चिरावे. लहान घराला एक मांडी पुरते. मीलवर्मचे दोन-तीन तुकडे करावेत. कापलेल्या बाजूला मुंग्या लगेच तोंड लावतात, हे पाहणे मोठे रंजक असते. किडा मरण्यापूर्वी एक-दोन दिवस त्याला चांगले खायला घातलेले असावे, ओट, गाजर, कोंडा असे काही. उपाशी किड्यात टरफलाशिवाय फारसे काही उरलेले नसते. किडा मुंग्यांच्या वसतीत टाकू नये. बाहेरच्या अंगणात, काचेच्या तुकड्यावर किंवा बाटलीच्या टोपणात ठेवावा, म्हणजे उरलेले उचलता येते.

किती द्यावे, याचे उत्तर पेटीतच असते. अळ्या मोजाव्यात. अळ्या नसतील तर किडा जवळजवळ नको. अळ्यांची रास असेल तर दोन दिवसांआड. कडाक्याच्या थंडीत राणी अंडी घालण्याचे थांबते, तेव्हा मुंग्या किड्याकडे ढुंकूनही पाहत नाहीत आणि नवा माणूस घाबरतो. घाबरण्याचे कारण नाही, घरात बाळे नाहीत एवढेच. चोवीस तासांनी जे उरेल ते काढून टाकावे. पावसाळ्यात बारा तासांनीच, कारण आषाढात बुरशीला रात्र पुरते. साखरपाण्याला एक भाग साखर आणि तीन-चार भाग पाणी, कापसाच्या बोळ्यावर, दोन-तीन दिवसांनी बोळा बदलून.

मेलेला किडा न खाणाऱ्या मुंग्याही आहेत. दक्षिण भारतातल्या जंगलांत लांब जबड्यांची, उडी मारून भक्ष्य धरणारी मोठ्या डोळ्यांची एक मुंगी आढळते. प्रयोगशाळांतून तिला जिवंत रातकिडेच पुरवावे लागतात. ती घरी पाळण्याची नव्हे. उलट ज्यांच्या बिळाभोवती गवताच्या बियांच्या टरफलांचे कडे दिसते, त्या दाणे वेचणाऱ्या मुंग्या मुख्यतः बियांवर राहतात. त्यांना नाचणी, राजगिरा, खसखस चालते आणि अधूनमधून एखादे चिलट पुरते.

एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. मागे एका सभेनंतर एक वृद्ध बाई आमच्याजवळ येऊन म्हणाल्या, "दादा, तुम्ही एक जीव जगवायला दुसरा मारता, यात पुण्य ते काय?" आम्ही म्हणालो, "पुण्य नाहीच, आजी. ही आमची हौस आहे." अंगणातल्या मुंगीने मारलेला नाकतोडा तिच्या हिशेबी जातो, पेटीतल्या मुंगीसाठी गोठवलेले चिलट आमच्या. ज्यांना हे मानवत नाही त्यांनी मुंग्या पाळू नयेत, वारुळाशी बसून पाहाव्यात. त्यातही काही कमी नाही. मधला मार्ग मात्र आहे. १९७० साली अविनाश भटकर आणि व्हिटकॉम्ब या दोघांनी अमेरिकेतल्या एका कीटकशास्त्रीय नियतकालिकात मुंग्यांसाठी एक कृत्रिम अन्न सांगितले. पहिले नाव वाचून मराठी वाचकाचे कान टवकारावेत. ते अन्न आजही जगभरच्या प्रयोगशाळांत त्याच नावाने ओळखले जाते. पाच ग्रॅम अगर, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरातले चायना ग्रास, पाचशे मिलिलिटर पाण्यात विरघळवायचे. एक अख्खे अंडे, बासष्ट मिलिलिटर मध आणि ग्रॅमभर जीवनसत्त्वे व क्षार एकत्र घुसळून त्यात मिसळायचे आणि थंड करून वड्या पाडायच्या. अंडे आले, तेव्हा सर्वांचे समाधान होणार नाही. आणि अनुभवाने सांगतो, काही जातींची घरे नुसत्या या वड्यांवर चांगली चालतात, तर काहींना त्यासोबत किडा दिल्याशिवाय अळ्या भरत नाहीत. आम्ही दोन्ही देतो.

आता पाऊस तोंडावर आला आहे. पहिल्या एक-दोन जोरदार सरींनंतरच्या संध्याकाळी मुंगळ्यांच्या राण्या उडतील आणि पंख गाळून जिन्यांत, गच्चीवर, रस्त्याच्या कडेला फिरताना दिसतील. मुले त्या उचलणारच. वारूळ खणून राणी काढू नये, उडून आलेलीच घ्यावी. नळीत एका टोकाला पाणी आणि कापूस, दुसऱ्या टोकाला कापूस, मध्ये राणी, वर काळा कागद. त्यानंतर तिला काहीही देऊ नये. साखर नाही, किडा नाही, पाच-पाच मिनिटांनी कागद काढून पाहणे नाही. उडून झाल्यावर तिला निकामी झालेले पंखांचे स्नायू अंगातच विरतात, आणि त्यांवर व अंगच्या चरबीवर ती पहिली पिढी वाढवते. दीड-दोन महिन्यांनी पहिल्या चार-पाच मुंग्या बाहेर पडतील, आईच्या मानाने अगदी खुज्या. त्या दिवशी टाचणीच्या टोकाएवढा साखरपाण्याचा थेंब द्यावा. दोन दिवसांनी पहिले चिलट, घरच्या बरणीतले, गोठवून, मधोमध कापून, अर्धेच. बरणी मात्र त्याआधी तीन आठवडे लावून ठेवलेली असावी.